झांझिबारचा बिल्ला

१

कुलूप तुटलेलं नव्हतं. सोन्याच्या पाटल्या जागच्या जागी होत्या, मोहनमाळही होती. पेटीतून गेला होता तो पितळेचा एक बिल्ला, रस्त्यात पडलेला दिसला तर पोरंसुद्धा खेळायला उचलणार नाहीत असला. आणि त्या बिल्ल्यासाठी, अंगाला हळद लागलेली प्रमोदिनी पेटीपुढं बसून हुंदके देत होती. वडील गेले तेव्हाचं एक सोडलं तर या मुलीच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलेलं नव्हतं.

मी आनंदीबाई. मुरुडच्या मुलींच्या शाळेत मुख्य बाई आहे आणि मुलींना शुद्धलेखन घालण्यात माझा जन्म गेला आहे. प्रमोदिनी आगाशे माझी विद्यार्थिनी. तिच्या लग्नासाठी म्हणून मी राजपुरीची खाडी ओलांडून, दिघीपासून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत बोर्ली पंचतनला आले होते. वैशाखातलं दुपारचं ऊन. घराजवळच्या पाखाडीच्या दगडी वाटेवर प्रमोदिनीची वहिनी केसर पाठमोरी चालताना दिसली. पोटुशी बाई, अशा उन्हात, डोक्यावर पदर घेऊन एकटी. मी गाडीतून दोनदा हाक मारली. तिनं मान काही वळवली नाही. पाहुण्यांना ओळख न देण्याची नवी रीत निघाली असेल, असं मी मनाशी म्हटलं, पण राग आलाच.

घरात पाय ठेवते तो प्रमोदिनीनं मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि दाराला कडी घातली.

"बाई, बिल्ला गेला. सकाळी हळदीची साडी काढली तेव्हा होता. हळद लागली, आत आले, पाहते तर नाही."

कुठला बिल्ला हे मला सांगायला नको होतं. पुण्यास नर्सिंग शिकून ही मुलगी मोंबासाला एका हिंदी व्यापाऱ्याच्या प्रसूतिगृहात चार वर्षं राहिली होती. सारा पगार तिनं साठवला, पण मोंबासात नाही. तिथल्या पेढीवर आपल्याकडची दहा माणसं, बातमी पुढच्या बोटीनं घरी पोचली असती आणि पैसा बातमीच्या मागोमाग आला असता. म्हणून समुद्रापलीकडे, झांझिबार बेटावरच्या एका बँकेत तिनं खातं उघडलं, त्याची खूण तो बिल्ला. लग्नाआधी स्वतः कमावलेलं स्वतःच्या नावावर राहावं, त्यातून श्रीवर्धनला बाळंतिणींसाठी दोन खाटांची खोली काढावी, एवढाच तिचा बेत. मागच्या महिन्यात मी आले होते तेव्हा विहिरीपाशी तिनं हे मला सांगितलं होतं. रहाट इतका करकरत होता की तिला ओरडूनच सांगावं लागलं.

"बँकेचा नियम काय आहे?" मी विचारलं.

"बिल्ला आणि सही, दोन्ही जुळली की पैसे. बिल्ला हरवला तर मी स्वतः झांझिबारला हजर व्हायचं."

"आणि नवी नवरी झांझिबारला निघाली तर सासरचे हार घालून निरोप देतील!"

ती रडता रडता हसली. मग म्हणाली, "सहीचं तरी काय, बाई? आडनाव बदलतं हे इंग्रजाला समजतं. पण आपल्याकडे बाईचं नावच बदलतात हे त्याला कसं पटवायचं? त्याचं मी काही तरी केलं असतं. बिल्लाच गेला तर सगळंच संपलं."

"विश्वंभरला ठाऊक आहे?"

"लग्नाआधी सांगणार होते. धीर झाला नाही."

मी खोली पाहिली. पेटीची चावी देवघरातल्या खिळ्याला असे, ती कुणीही घ्यावी. पेटीत कपड्यांवर घातलेलं पांढरं फडकं परीटघडीचं, डागही नव्हता. पेटीच्या झाकणावर, उष्ट्या हळदीबरोबर सासरहून आलेली नवी साडी तशीच ठेवलेली. जमिनीवर मिठाचे खडे आणि चार मोहऱ्या. आणि पेटीच्या मागं एक वस्तू पडलेली होती, जिचं या खोलीत काही काम नव्हतं. स्वयंपाकघरातली सांडशी.

"बिल्ला दिसायला कसा होता?"

"रुपयाहून मोठा. एका बाजूला इंग्रजीत ठळक अक्षरांत बँकेचं नाव, झांझिबार आणि नंबर, दुसरी बाजू पूर्ण अरबी. कमरेला बांधता यावा म्हणून मी काळ्या दोऱ्यात ओवला होता."

उद्या सकाळचा मुहूर्त. त्यानंतर नवरी, पेटी आणि पाहुणे चहूकडे पांगणार होते. म्हणजे जे काही करायचं ते आजच, आणि बोभाटा न करता.

२

प्रमोदिनीचा थोरला भाऊ, म्हणजे केसरचा नवरा, ज्याला सगळा गाव दादा म्हणतो, परसात चुलवणापाशी आचाऱ्यावर देखरेख करत होता. दादांनी इंग्रजी चौथीतून शाळा सोडली होती, पण इंग्रजीनं दादांना सोडलं नव्हतं. टपाल्याच्या पाकिटावरचे पत्तेसुद्धा ते मोठ्यानं वाचत.

"वेल्, बाई! प्रवास कसा झाला?"

"हाडं शाबूत आहेत. दादा, हळद लागत होती तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"इथंच. हा आचारी गुळाला हात सैल सोडतो." त्यांनी आवाज खाली आणला. "खर्चानं पार वाकलोय, बाई. एकुलती बहीण, कमी कसं करणार? तिकडून येताना तिनं काही आणलं असेल असं वाटलं होतं. आणला काय, तर एक लाकडी कर्णा आणि औषधाच्या चार बाटल्या."

"तिच्या पेटीत तुम्ही कधी हात घातला होता का?"

दादांचा चेहरा उतरला. "बहिणीच्या पेटीत? काय बोलता, बाई!"

खरोखर वाईट वाटलं त्यांना. मी वळले. तेवढ्यात ते मागून आले आणि अगदी कानाशी येऊन कुजबुजले.

"तुम्ही मुरुडात राहता म्हणून विचारतो. जंजिऱ्यात बँक नेमकी कुठल्या आळीत आहे हो?"

३

मागच्या महिन्यात त्या रहाटाच्या बैलामागं कोण होतं हे मला आता लख्ख आठवलं. दादाच होते. बहिणीचा पैसा कुठल्याशा बँकेत आहे हे त्यांना कळलं होतं आणि खर्चानं ते वाकले होते. मला खरं तर तिथंच तपास संपवून पाटावर बसायला हरकत नव्हती. पण त्यांच्या प्रश्नातलं काहीतरी मला खुपत होतं, मुलीच्या वहीत चूक दिसावी पण नेमकी कुठली ते कळू नये तसं.

"जंजिऱ्यात बँक नाही, दादा," एवढंच म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

केसर पाय पुसत पाटावर बसत होती. सहावा महिना, चेहरा ओढलेला. पोटुशी म्हणून तिला मांडवातल्या उन्हात बसवलं नव्हतं, तेव्हा हळद लागत असताना घरात जवळजवळ ती एकटीच होती.

"केसर, पाखाडीवर मी दोनदा हाक मारली."

ती दचकली. "ऐकू नाही आलं, बाई."

"प्रमोदिनीच्या पेटीतली एक वस्तू दिसत नाही."

तिनं पोटावर हात ठेवला आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "पेटीतल्या कुठल्याही वस्तूला माझं बोट लागलेलं नाही. बाळाची शपथ."

खोटं बोलणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ही खोटं बोलत नव्हती. आधीची दोन मुलं जन्माआधीच गेलेली बाई बाळाची खोटी शपथ घेईल हे मला पटण्यासारखं नव्हतं.

इतक्यात पाणी भरणारी काशी कळशी घेऊन आली आणि धापा टाकत भिंतीला टेकली. "कवापासून वाट बघताय ना? काय करू, बाय! कुनीतरी तिठ्यावर उतारा टाकलाय. नारळाची करवंटी, भात, लिंबू, लाल पिंजर. लगीनघर हाय आनि असल्या वक्ताला! मी खालच्या वाडीतनं वळसा घालून आले."

"आता सारखी तिकडूनच ये," केसर घाईघाईनं म्हणाली.

मी पडवीत आले. तिथं तुळशीराम सोनार फुंकणी घेऊन बांगडीचं टोक जुळवत होता. त्याला विचारलं तसा तो चष्म्यावरून माझ्याकडे पाहून हसला.

"माज्यावर डाव्ट हाय व्हय, बाई? मी चोर असतो तर पाटल्या सोडून पितल नेलं असतं? सोनाराच्या जातीला बट्टा!"

"संशय नाही. पण तू इथं बसतोस, तुला मागचं दार दिसतं. हळद लागत होती तेव्हा कुणी आलं गेलं का?"

त्यानं फुंकणी खाली ठेवली. सांगावं की नाही असा त्याचा चेहरा झाला.

"आलं हुतं एक मानूस. मागल्या दारानं. अंगाला हलद तशीच, आनि पावलं चोरासारकी." तो आणखी हळू बोलला. "नवरदेव हुते, बाई. सोता."

४

हुंडा नको म्हणणाऱ्या माणसावर माझा आधी संशय असतो. विश्वंभर लिमये श्रीवर्धनच्या शाळेत शिक्षक, हुंडा नको म्हणालेला, दिसायला सज्जन, म्हणजे संशयाला सगळं साहित्य तयार. शिवाय हळद लागलेल्या नवरदेवानं मुहूर्तापर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मागच्या दारावर मला त्याचा पंजा सापडला. ओल्या हळदीचा, पाची बोटं स्पष्ट उमटलेली.

वरपक्षाचं बिऱ्हाड तिठ्याजवळच्या घरात होतं. मी त्याला ओसरीवर बाहेर बोलावून घेतलं आणि आडवळण न घेता विचारलं, "मागच्या दारानं कशाला आला होता?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. हळदीवर तो लाल रंग फारच विनोदी दिसत होता.

"तुम्ही पाहिलंत?"

"तुमच्या हातानं सही करून गेलात तुम्ही, दारावर."

त्यानं हात पाठीमागं नेले. "बाई, काकूंनी नवं नाव ठरवलंय. कोकिळा. उद्या लक्ष्मीपूजनाला मी अंगठीनं ते ताटातल्या तांदळात लिहायचं. मला वाटलं, जिचं नाव बदलायचं तिला एकदा विचारावं. दारापर्यंत गेलो. आतून बायकांचं हसणं ऐकू आलं आणि पाय पुढं जाईनात. तसाच परतलो."

"दार उघडून आत गेला नाहीत?"

"दाराला हात टेकला, एवढंच." मग त्यानं एकदम विचारलं, "तुम्ही इतक्या मुलींना नावानं हाक मारलीत. लग्नानंतर नव्या नावानं हाक मारली की त्या लगेच ओ देतात का हो?"

"पहिलं वर्षभर नाही. मागून हाक आली तर वळूनसुद्धा पाहत नाहीत, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताहेत असं वाटतं..."

बोलता बोलता मी थांबले. मागून हाक आली तर वळून पाहत नाहीत. केसरचं नाव लग्नात बदललंय, पण त्याला आठ वर्षं झाली, आणि त्या नावाला ती रोज ओ देते. तरी आज तिनं वळून पाहिलं नव्हतं. आणि ती येत होती तिठ्याच्या बाजूनं.

ओसरीवरून तिठा दिसत होता. वडाखाली, अगदी मधोमध, लाल पिंजर टाकलेली करवंटी होती. रस्त्यानं येणारा एक गाडीवान बैल आवरून तिच्यापासून चांगला दहा हात लांबून गाडी काढत होता.

"काय झालं, बाई?" विश्वंभरनं विचारलं.

"काही नाही. मुलीला न वळल्याबद्दल उगाच गुण कापले," मी म्हटलं आणि आल्या पावली घराकडे निघाले.

५

मागच्या खोलीत मी केसरला प्रमोदिनीच्या शेजारी बसवलं आणि दार लावलं.

"केसर, मी आता तुला एक शुद्धलेखन तपासून दाखवते. मध्ये बोलू नकोस. पहिला संशय दादांवर."

"दादावर?" प्रमोदिनी म्हणाली.

"त्यांनी मला विचारलं, जंजिऱ्यात बँक कुठं आहे. तू रहाटापाशी म्हणालीस झांझिबार, त्यांनी ऐकलं जंजिरा. ध चा मा झाला. पण तोच त्यांचा सुटकेचा पुरावा. बिल्ल्यावर इंग्रजीत गावाचं नाव आहे आणि दादांना इंग्रजी दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. तो बिल्ला त्यांनी नुसता पाहिला असता तरी जंजिऱ्याचं नाव काढलं नसतं. तो शब्द त्यांच्या कानात गेला होता, डोळ्यांत नाही."

प्रमोदिनीनं सुस्कारा सोडला. भावावरचा संशय गेला याचा तिला बिल्ल्याइतकाच आनंद झालेला दिसला.

"दुसरे विश्वंभर. मागच्या दाराला त्यांच्या ओल्या हळदीचा पंजा लागलाय. असल्या हातांनी त्यांनी पेटी उघडली असती तर हे पांढरं फडकं पिवळं झालं असतं. ते आत आलेच नाहीत. तिसरा तुळशीराम. त्याच्याजवळ सोनाराचा नाजूक चिमटा चोवीस तास असतो. तो तुझ्या स्वयंपाकघरातली सांडशी कशाला आणेल?"

सांडशी म्हणताच केसरनं मान खाली घातली.

"सगळ्यांना वाटेल सांडशी कुलूप तोडायला आणली. पण कुलूप तर चावीनं उघडलंय. सांडशी आपण कशाला धरतो? हाताला चटका बसू नये म्हणून. म्हणजे नेणाऱ्याला ती वस्तू हवी नव्हती, तिला हात लावायची भीती वाटत होती. खाली मीठ आणि मोहऱ्या सांडल्यात, ते दृष्ट काढण्याचं सामान. सासरची साडी पेटीवरच राहिली, कारण ती आत ठेवायला जी आली ती काहीतरी पाहून घाबरली आणि साडी विसरली. आणि उतारा टाकून परतताना मागं वळून पाहायचं नसतं, पाय धुईपर्यंत कुणाशी बोलायचं नसतं. म्हणून तू माझ्या हाकेला ओ दिली नाहीस. शपथ मात्र खरी घेतलीस हो. बोट तुझं लागलंच नव्हतं."

केसर एकदम रडायला लागली. आवाज न करता, पदर तोंडात कोंबून.

"काळा दोरा, वर ती अक्षरं. मला वाटलं, कुणीतरी वन्संवर करणी केलीय. परमुलखातनं ताईत आलाय घरात. आणि बाई..." तिनं पोट दोन्ही हातांनी धरलं. "दोन दिवस झाले, हे हललं नाही. मागच्या दोन्ही वेळा असंच झालं होतं. कुणाला सांगू? लग्नघरात सांगू? सांगितलं तर उतारा उलटतो म्हणतात."

बिल्ल्याचं नावही मला त्या क्षणी आठवलं नाही, खोटं कशाला सांगू.

प्रमोदिनी उठली. पेटीच्या तळातून तिनं ती लाकडी नळी काढली, जिला दादा कर्णा म्हणत होते. "वहिनी, आडव्या व्हा."

तिनं नळीचं एक तोंड केसरच्या पोटावर टेकलं, दुसऱ्याला कान लावला आणि डोळे मिटले. जागा बदलली. पुन्हा बदलली. परसातून झाऱ्याचा आवाज येत होता तोही मला नकोसा झाला. माझे हात जोडलेले होते हे मला नंतर कळलं.

मग प्रमोदिनीनं डोळे न उघडता केसरचा हात ओढून घेतला आणि तिच्या तळव्यावर बोट वाजवायला लागली. भरभर, एकसारखं, टकटक टकटक.

"हे काय?" केसरनं विचारलं.

"तुमचं बाळ. माझं बोट त्याच्या काळजाबरोबर चाललंय. घोड्यासारखं पळतंय. लबाड झोपलं होतं, वहिनी, दुसरं काही नाही."

केसर स्वतःच्या तळव्याकडे पाहत राहिली. नंतर त्या दोघी गळ्यात गळा घालून अशा रडल्या आणि हसल्या की केसरचा पदर, साडी सगळं हळदीनं माखलं. मीही डोळे पुसले. मुख्य बाईंनी रडू नये असा काही कायदा नाही.

थोड्या वेळानं केसर दचकून उठून बसली. "वन्सं, तुमचा बिल्ला! मी तो तिठ्यावर टाकला. दुपारपासून तिथं आहे. एव्हाना कुणी नेला असेल."

मी मोठ्यानं हसले. "अगं वेडे, उताऱ्याला हात लावणारा माणूस या पंचक्रोशीत जन्माला यायचाय. यापेक्षा भक्कम तिजोरी झांझिबारच्या बँकेतसुद्धा नसेल."

६

उतारा वगैरे सगळं थोतांड, असं मी वर्गात मुलींना वर्षानुवर्षं सांगत आले आहे. आता मी तिठ्यावर त्या करवंटीपुढं उभी राहिले. भात कावळ्यांनी संपवला होता. लिंबू होतं, पिंजर होती आणि तळाशी काळ्या दोऱ्याचं वेटोळं. मी वाकले. हात पुढं केला. आणि काय सांगू, हात करवंटीच्या वर वीतभर अंतरावर अडकला तो पुढं जाईना! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

"बाई, तुमचं काही पडलंय का?"

विश्वंभर बिऱ्हाडाच्या ओसरीवरून उतरून आला होता. हळद लागलेला नवरदेव, उघड्यावर, तिठ्यात, उताऱ्यापाशी. वरून त्याच्या काकूंनी किंकाळी फोडली.

"त्या करवंटीत एक वस्तू आहे," मी म्हटलं. "मला उचलवत नाही. हसू नका."

तो हसला नाही. वाकून त्यानं करवंटीत हात घातला, दोऱ्याला धरून बिल्ला वर काढला आणि धोतराच्या सोग्याला पुसला. काकू ओसरीवर मटकन बसल्या. विश्वंभरनं बिल्ला उलटा केला आणि वाचला, "झांझिबार." मग माझ्याकडे पाहिलं. "बँकेचा? कुणाचा?"

"जिचा आहे तिलाच विचारा."

म्हणून नवरदेव त्या दिवशी दुसऱ्यांदा मागच्या दारी आला. या वेळी दार उघडं होतं आणि प्रमोदिनी उंबऱ्याच्या आत उभी होती. मी विहिरीकडे तोंड करून उभी राहिले. कान मात्र मागंच होते.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "मोंबासात चार वर्षं कमावलं ते आहे. दादाचं नाही आणि तुमचंही नाही. आधी सांगायला हवं होतं, भीती वाटली. त्यातून मला श्रीवर्धनला बाळंतिणींची खोली काढायची आहे. हे तुम्हाला चालणार नसेल तर अजून वेळ गेलेली नाही."

त्यानं बिल्ला हातात एकदा उलटासुलटा केला.

"शाळेच्या मागं दोन खणांची रिकामी जागा आहे," तो म्हणाला. "भाडं कमी आहे, पण छप्पर गळतं. ते तुमच्या पैशातून नको, मी शाकारून देईन." बिल्ला त्यानं उंबऱ्यावर ठेवला, तिच्या हातात दिला नाही. तो तिनं स्वतः उचलावा असंच त्याला वाटलं असणार. "एकच विचारतो. बँकेत सही काय करता?"

"प्रमोदिनी."

"एवढंच?"

"आणि आडनाव."

त्यानं मान डोलावली आणि तो गेला.

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. केसर मांडवात सगळ्यांत पुढं बसली होती आणि अधूनमधून पोटावर हात ठेवून आपल्याशीच हसत होती. दुपारी पोटात लाथ बसली तेव्हा तिनं पंगतीतून मला खूण केली. दादांनी मला निरोप देताना पुन्हा एकदा बँकेचं विचारलं, तेव्हा मी त्यांना मुरुडात राहायला बोलावलं. ते अजून आले की बाजारात बँक शोधतात. प्रमोदिनी म्हणते, सांगेन त्याला एक दिवस, जागेचं छप्पर शाकारून झालं की.

संध्याकाळी वराच्या बिऱ्हाडी लक्ष्मीपूजन झालं. मी पाठराखीण म्हणून प्रमोदिनीच्या मागं बसले होते. तिच्या नव्या साडीच्या निऱ्यांमध्ये, कमरेला, काळ्या दोऱ्याची गाठ मला दिसत होती. भटजींनी तांदळाचं ताट पुढं सरकवलं. काकूंनी सगळ्या बायकांना आधीच कोकिळा म्हणून सांगून ठेवलं होतं, त्या नाव घ्यायला टपून बसल्या होत्या. विश्वंभरनं अंगठी हातात घेतली आणि तांदळात पहिलं अक्षर काढलं. ते को नव्हतं.

"अरे, काय लिहितोस?" काकू म्हणाल्या. "कोकिळा! कोकिळा!"

तो लिहितच राहिला. प्र. मो. दि. नी. वेलांटी पहिली दुसरी अगदी शुद्ध. प्रमोदिनीनं ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचा हात आपसूक कमरेच्या त्या गाठीवर गेला.

"काकू, रागावू नका," विश्वंभर अगदी गरीब चेहरा करून म्हणाला. "कोकिळेतला ळ मला नीट काढता येत नाही."

शाळामास्तरला ळ येत नाही यावर काकूंचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी शुद्धलेखनातल्या एका चुकीला पैकीच्या पैकी गुण दिले.